एरंडोलवाली

२४ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची वाघदरीला. जळगावहून धुळं, धुळ्याहून पिंपळनेर, आणि पिंपळनेरहून काळीपिवळीच्या मागच्या बाकावर, मांडीवर बॅग आणि बॅगेवर कुणाच्या तरी कोंबड्या. अंगाचा पार भुगा झाला. पण उतरले आणि समोर डोंगर, हवेत गारवा, रस्त्याकडेला कुणीतरी कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजत होतं. त्या वासानं दोन वर्षांत पहिल्यांदा मला पोटातून भूक लागली.

कॉलेज म्हणजे सहा खोल्या, एक लिंबाचं झाड आणि प्राचार्यांची मोटारसायकल. इंग्रजीच्या आधीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून तासिका तत्त्वावर मला घेतलंय. राहायला खोली मोतीलाल नानांच्या घरात, पुढच्या अंगाला, वेगळ्या दाराची. नाना अबोल, ओट्यावर बसून दोर वळत असतात. घर चालतं ते त्यांच्या बायकोच्या, प्रमिलाबाईंच्या तालावर. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणायला लागले. आल्याआल्या कळण्याची भाकरी आणि भरीत पुढ्यात ठेवलं, वरून तेल ओतलं, आणि तिसरी भाकरी नको म्हटल्यावर माझ्यावर डोळे वटारले. आवडल्या मला.

सून नूतन ही अक्कांच्या सख्ख्या भावाची मुलगी. दोघी एरंडोलच्याच, म्हणजे पोर आत्याच्या घरी सून होऊन आली. नवरा भूषण सुरतला कापड बाजारात. ही शेवटच्या वर्षाला, माझ्याच वर्गात. माझी गादी घालता घालता म्हणाली की मॅडम, तुम्ही मला नूतन म्हणून हाक मारली, किती बरं वाटलं, इथं तसं कुणी म्हणतच नाही. मी म्हटलं, मी म्हणत जाईन गं.

मी इथं का आले ते वहीला ठाऊकच आहे. सासरे वारले त्या आठवड्यात सासूनं चार लोकांत मला पांढऱ्या पायाची म्हटलं, नवऱ्यानं मान खाली घातली, आणि पुढं काडीमोड होईपर्यंत तेच माझं नाव झालं. माझ्या आईनंही हळूहळू लग्नकार्यांत मला मागं बसवायला सुरुवात केली. मेले सगळे. इथं मला कोणी ओळखत नाही. इथं मी फक्त मॅडम.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नेमलेलं नाटक मला फार आवडतं. परदेशातलं, जगभर गाजलेलं. तीनेकशे वर्षांपूर्वीच्या गावात चेटकिणी शोधण्याचा खटला चालतो. पोरी झटके आल्यासारखं करतात, कुणाचं तरी नाव घेतात, आणि जिचं नाव घेतलं ती संपली. वाचायची वाट एकच, तिनं दुसरीचं नाव घ्यायचं. असं करत करत अख्खं गाव फासावर.

वर्गाला ओ की ठो कळत नव्हतं. मग मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, डाकीण. मागच्या बाकावर मोबाईल बघणारा नवलसुद्धा ताठ बसला. म्हटलं, चला, आता शिकवण्यात मजा आहे.

जानेवारीच्या स्नेहसंमेलनात खटल्याचा एक प्रवेश अहिराणीत करायचं ठरलं. पोरी म्हणाल्या, त्या परदेशी नावांनी लोक हसतील, आपली घालू. आणि आपली नावं म्हणजे काय, तर इथं सुनेला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, माहेरच्या गावावरून मारतात. साक्रीवाली, शिरपूरवाली, अशा. मलाही गाव जळगाववाली म्हणायला लागलंय. जळगाव नाही, जयगाव. यांच्या बोलीत ळ चा य होतो. गोड लागतं कानाला.

३ डिसेंबर, बुधवार

कॉलेजच्या हॉलमध्ये परीक्षा, म्हणून तालीम गावाबाहेरच्या जुन्या शाळेच्या ओट्यावर. मोठा, दगडी, सपाट ओटा. एवढी छान जागा आणि त्यावर साधी गोवरीसुद्धा कुणी वाळत घालत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

नवल न्यायाधीश. नूतन मुख्य मुलगी. नवलनं नाव सांग म्हटलं की तिनं बोट दाखवून तोंडाला येईल ते गाव घ्यायचं, एवढंच मी सांगितलं होतं. नूतननं डोळे मिटले, हात वर केला आणि म्हणाली, "ती पारोयावाली शे."

पोरांच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. एक मुलगी चपला हातात घेऊन घरी निघून गेली. मी विचारलं कोण ही पारोळावाली, तर सगळे जमिनीकडे बघायला लागले. नूतनला विचारलं, तर तिला हे नाव कुठून सुचलं तेच सांगता येईना. आणि भर दुपारी, आजूबाजूला घर नाही की चूल नाही, तिथं कढईत तेल तापल्याचा वास येत होता. बराच वेळ येत होता.

६ डिसेंबर, शनिवार

पेन दाबून दाबून लिहितेय. रागानं.

अक्का पिंपळनेरला बाजाराला गेल्या होत्या. मी नानांसमोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं. त्यांनी दोर वळणं थांबवलं. मला वाटलं उठून जातील, पण हा माणूस कुणीतरी विचारायचीच वाट बघत असावा.

पारोळावाली म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची बायको. भूषण दहावीत होता त्या वर्षी नानांची धाकटी मुलगी तापानं गेली, पाठोपाठ बैलजोडीतला एक गेला. हिलाल भगताला बोलावलं. भगतासमोर एरंडोलवालीच्या अंगात वारं आलं आणि तिनं पारोळावालीचं नाव घेतलं. नाना 'एरंडोलवाली' म्हणाले तेव्हा मला आधी कळलं नाही. कोण एरंडोलवाली, विचारलं, तर त्यांनी मानेनं स्वयंपाकघराकडे खूण केली. स्वतःच्या बायकोचं नाव घेत नाहीत ना ही माणसं.

भगतानं होकार भरला. मग त्या शाळेच्या ओट्यावर, अख्ख्या गावासमोर, उकळत्या तेलाची कढई. डाकीण नसेल तर हात भाजणार नाही म्हणे. हात घालायच्या आधी भगत तिला सारखं म्हणत होता की तुला विद्या शिकवणारीचं नाव सांग, सोडतो. तिनं कुणाचंच नाव घेतलं नाही. हात कोपरापर्यंत गेला. चार दिवस तडफडून गेली. नोंद लागली ती घरात कढई उलटल्याची. भाऊ गुजरातेत निघून गेला तो पुन्हा आला नाही.

मी विचारलं, तिचं नाव काय होतं? नानांनी खूप आठवल्यासारखं केलं. थोरल्या दिरानं भावजयीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून कधी विचारलंच नाही, म्हणाले. पारोळावाली, बस्स.

मी पोलिसांत जाते म्हटलं. तर शांतपणे म्हणतात, मी तिथं नाही म्हणेन. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या बाईच्या हातची भाकरी मी रोज खातेय. बरं. नाही म्हणा. मी तुम्हाला स्टेजवर उभं करते, पहिल्या रांगेत तुमचं गाव बसवून.

९ डिसेंबर, मंगळवार

प्रवेश बदलला. आता पोरी नाव घेणार नाहीत, जळालेली बाई घेणार. खटला तिचा, नावं तिची. नूतनला मी सगळं सांगितलं. खूप रडली. आत्यानं नाव घेतलं हे तिला माहीत नव्हतं. पण भगताचं नाव घ्यायला तयार झाली, कारण तो आजही कोपऱ्यावर बसून बायकांच्या हातावर तांदूळ टाकतो आणि कुणाकुणाला आयुष्यातून उठवतो.

ओट्यावर उभी राहून म्हणाली, "मन्हा हात तेलमा टाकनारा हाऊ शे. हिलाल भगत."

कसली म्हणाली! आवाज तिचा नव्हता असं नवल म्हणतो. मला तर वाटलं, पोरगी नटी आहे. तेवढ्यात तो वास. आणि समोर बसलेल्या पोरी एकेक करून उजवा हात चोळायला लागल्या. एकीनं सुरू केलं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी, मनगटापासून बोटांपर्यंत. मी ओरडले तेव्हा थांबल्या. का चोळत होता, विचारलं, तर त्यांना आपण चोळत होतो हेच पटेना.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हिलाल भगताचा उजवा हात भाजला. उन्हात खाटेवर बसला होता, लोकांसमोर. काही सांडलं नाही, काही पेटलं नाही. फोड आले म्हणे, मनगटापर्यंत, मग वर. पिंपळनेरच्या डॉक्टरांनी विचारलं, तेलात कसा गेला?

गाव कुजबुजतंय. अक्का आज जेवल्या नाहीत.

मी जेवले. पोटभर.

१६ डिसेंबर, मंगळवार

भगत मेला. शेवटपर्यंत सांगतो, सांगतो, नाव सांगतो असं ओरडत होता, पण नाव काही त्याच्या तोंडातून फुटेना.

बरं झालं. लिहूनच ठेवते. बरं झालं. भीती वाटायला पाहिजे ना मला? वाटते थोडी. पण त्याहून जास्त असं वाटतं की इतकी वर्षं कुठंतरी अडकलेलं काहीतरी सुटलं. मला पांढऱ्या पायाची म्हणणारीच्या दारातही कुणीतरी असं जाऊन उभं राहावं.

नूतन कॉलेजला आली नाही. दाराशी जाऊन समजावलं की तू खोटं बोलली नाहीस. ती म्हणाली, खरं बोलले म्हणून काय झालं मॅडम, माणूस मेला ना.

१८ डिसेंबर, गुरुवार

अक्कांना माझी सगळी हकिकत कळली. जळगावकडचं कुणी पाहुणं आलं असेल. आज नळावर दहा बायांत मला ऐकवलं की सोडलेली बाई घरात घेतली तेव्हाच ही साडेसाती आत आली, सासरा खाऊन आली आणि आता गाव खायला बसली. महिनाअखेरीला खोली खाली करा. मी कळशी हातात धरून उभी. बाया माझ्या पायांकडे बघत होत्या. पायांकडे!

हिनं एकीला कढईत घातलं, आता मला घालते. जीभ आहे की कात्री. थांब तू.

१९ डिसेंबर, शुक्रवार

नूतनला म्हटलं, आज एरंडोलवालीचं नाव घ्यायचं. ती पांढरीफटक पडली. हात जोडले. म्हणाली, मॅडम नको, काही झालं तरी माझी आत्या आहे, आणि तुम्ही नीट विचार केला नाही, तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे मला. मी ऐकून घेतलं नाही. भित्री म्हटलं तिला. सगळ्या वर्गासमोर म्हटलं.

मग मीच ओट्यावर चढले. माझी अहिराणी तोडकीमोडकी, पण तेवढं आलं. "मन्हं नाव लेनारी ती एरंडोलवाली शे."

वास आला. इतका जवळून, की डोळ्यांत पाणी आलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. अंगातून गोड शिरशिरी गेली. मागं वळून बघितलं तर नूतन खाली बसलेली, आणि वर्ग माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

२० डिसेंबर, शनिवार

देवा.

अक्का ठणठणीत आहेत. सकाळी अंगण झाडत होत्या. मी त्यांच्या हाताकडे बघत बसले.

आणि आतून नूतन किंचाळली.

उजवा हात. बोटं सुजून एकमेकांना चिकटलीत. पाणी भरायला म्हणून हंड्याला हात लावला होता, थंड हंड्याला.

नवलनं मला बाजूला घेऊन सांगितलं. ही पोरं सगळी जाणत होती, फक्त मी नाही. अक्कांना आता कुणीच एरंडोलवाली म्हणत नाही. नाना सोडून, आणि तेही जुनी गोष्ट सांगताना. सून आली की सासूचं ते नाव सुटतं. तीन वर्षं झाली, या गावात एरंडोलवाली एकच.

नूतन.

काल तिला मला हेच सांगायचं होतं.

२१ डिसेंबर, रविवार

तिला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. नाना सोबत गेले, भूषण सुरतहून निघालाय. मी एकटी ओट्यावर गेले, दिवसाउजेडी. मोठ्यानं सांगितलं, चुकलं, मला म्हातारी म्हणायची होती. नुसतं अक्का म्हणू नका असं नवलनं बजावलं होतं, गावात घरटी एक अक्का आहे, म्हणून कागदावरचं नाव घेतलं. प्रमिलाबाई मोतीलाल अमुक अमुक, पूर्ण नाव, रेशनकार्डावर असेल तसं.

काही नाही. वासही नाही. त्या नावानं अक्कांना या गावात कधी कुणी हाकच मारली नाही. दगडाशी बोलल्यासारखं झालं.

२२ डिसेंबर, सोमवार

फोन आला. मनगटाच्या वर गेलंय.

कॉलेज बंद. चार पोरी घरी हात चोळत बसल्यात, आयांना आवरत नाहीत. प्राचार्य म्हणाले नाटक रद्द, आणि तुम्ही काही दिवस जळगावला जाऊन या. जाऊ का? सकाळची एस.टी. आहे.

बॅग भरली. परत सोडली. पुन्हा भरली.

२३ डिसेंबर, मंगळवार

अक्का माझ्या खोलीत आल्या. पहिल्यांदाच. दार लावून घेतलं. मला वाटलं मारायला आल्या. बसल्या आणि सांगितलं की मॅडम, नाव मागं घेता येतं. त्या वेळी हिलालनंच सांगितलं होतं मला. जिनं नाव घेतलं तिनं त्याच ओट्यावर, सगळ्या गावासमोर म्हणायचं की मी खोटं बोलले. मग जळालेला हात थंड होतो. पण ते नाव घेणारीवर येऊन बसतं.

मी विचारलं, मग तुम्ही का नाही घेतलं? चार दिवस ती जिवंत होती, चार दिवस! त्यांना रडू फुटेल असं वाटलं, पण नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या,

"मी मागं घेतलं असतं तर कढई माझ्यासाठी तापली असती. माझं एक लेकरू गेलं होतं, एक दहावीत होतं. तुम्ही असत्या तर काय केलं असतं, मॅडम?"

रात्रंदिवस या बाईचा तिरस्कार केला मी, आणि आता भरलेल्या बॅगेकडे बघत बसले. जाताना म्हणाल्या, ती माझ्या भावाची पोर आहे, पण मी तुमच्या पाया पडणार नाही, कारण मला माहीत आहे तुम्हीही नाही घेणार.

२४ डिसेंबर, बुधवार

धुळ्याला जाऊन आले. तिला बघितलं. कोपरापर्यंत पट्टी. डॉक्टर म्हणतात विष चढतंय, सांगता येत नाही.

भूषण, तिची आई, पोलीस, सगळे विचारतायत कुणी केलं. ती म्हणते, कुणी नाही. मला जवळ बोलावलं. कानात सांगितलं की एक बाई येते मॅडम, पायाशी उभी राहते, दुपारी पण येते. एवढंच म्हणते, नाव सांग, सोडते.

मी विचारलं, मग?

ती हसली. ओठ फुटलेत तिचे. म्हणाली, मी नाही सांगत.

कुणाचं नाव आहे तिच्या जिभेवर ते आम्हा दोघींनाही माहीत आहे. एक शब्द उच्चारायचाय फक्त. जळगाववाली. तिचा हात वाचतो. मी भित्री म्हटलं हिला —

एस.टी.त लिहितेय. धुळ्याहून जळगावची गाडी शेजारीच लागली होती. मी पिंपळनेरच्या गाडीत बसले.

अक्काला मी माफ केलेलं नाही. कधी करणार नाही. पण सूड काय ते मला आता कळलं. ती जे करू शकली नाही ते तिच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचं. म्हणजे जगेल तोवर तिला कळत राहील की करता येत होतं. करता आलं असतं. चार दिवस होते तिच्याकडे.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळ

नवलला सांगून दवंडीसारखं घरोघर कळवलं. ओट्यावर या म्हणून.

आले. अख्खं गाव आलं. भगताचं झाल्यापासून घाबरलंय गाव. अक्का सगळ्यांत पुढं, पदर तोंडात धरून.

मी वर चढले. म्हटलं, एरंडोलवालीचं नाव मी घेतलं. मी खोटं बोलले. तिचा काही दोष नाही. तीनदा म्हटलं. मी फक्त अक्काकडे बघत होते. तिचा चेहरा असा पडला, असा पडला — बघितलं मी. पोटभर बघितलं.

दुपार

नानांचा फोन. सूज उतरली. पाणी मागितलं, प्यायली, झोपली. डॉक्टर पट्टी काढून बघत बसलेत, नवी कातडी म्हणतात. भूषण रडतोय मागं, ऐकू येत होतं.

माझ्या हाताला काही नाही. दहादा बघितलं. काही नाही. हसतेय मी एकटी. वाचले की काय —

ऊन अंगणात. कोंबड्या. कुणीतरी बाहेर हाक मारतंय, बाईचा आवाज. जयगाववाली, ए जयगाववाली.

अंगणात कुणी नाही.

वास.

बोटांच्या टोकांना गरम — पेन गरम लागतंय. पेनच गरम आहे. माठात हात घातला. पाणी

आत आली. दार लावलेलं होतं. उजवा हात नाही तिला. चेहरा साधा आहे, माझ्याएवढी असेल. राग नाही चेहऱ्यावर. मला वाटलं होतं ही माझ्या बाजूची —

नखं निघतायत. डाव्या हातानं लिहितेय

नाव सांग म्हणते. सोडते म्हणते.

नाही सांगणार. नूतननं नाही सांगितलं. मी पण

आई गं

पलीकडं अक्का भांडी घासतेय. ऐकू येतंय. घासतेय आरामात. तिनं केलं हे सगळं तिनं — आणि मी जळू? मी?

नाव सांग

नवल म्हणाला होता असं करू नका मॅडम, गावात घरटी एक आहे त्या नावाची, कुणाची बहीण कुणाची आजी, कुणावर जाईल — जाऊ दे. जाऊ दे जिच्यावर जायचं तिच्यावर. मनगट — मनगटावर आलं

सांगते. सांगते. थांब. या वेळी बरोबर सांगते. गाव तिला आता काय म्हणतं ते माहीत आहे मला. सगळं गाव तिला अ—